रविवारची राईड शनिवारीच बिघडते

गावातला सायकल ग्रुप साधारण तीन रविवार टिकतो. पहिल्या रविवारी वीस जण, दुसऱ्या रविवारी अकरा, तिसऱ्या रविवारी चार. चौथ्या रविवारी ग्रुपवर फक्त ‘शुभ सकाळ’चे फोटो.

लोक आळशी असतात म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी साठ किलोमीटरचा बेत आखलेला असतो. वाटेत दोन पंक्चर होतात, पंप एकच असतो आणि तो त्या चाकाला बसत नाही. त्यात चढाच्या आधी सगळ्यांनी मिसळ हाणलेली असते. घरी पोचायला दुपारचा एक वाजतो. असा माणूस पुढच्या रविवारी पांघरूण डोक्यावर ओढून झोपला, तर त्याचं काय चुकलं?

सायकल कोणती घ्यावी, फायदे काय, हे इथे सांगत नाही. आहे त्या सायकलींवर, मग ती तात्यांची काळी सायकल असो की पोराची गिअरवाली, आठ-दहा जणांनी नीट जाऊन नीट परत कसं यावं, एवढंच क्रमाने सांगतो. आम्ही कोरेगाव तालुक्यातून निघतो, त्यामुळे उदाहरणं इकडचीच. आमच्या पश्चिमेला सातारा आणि घाट, पूर्वेला रहिमतपूर-औंधकडचा माळ.

टप्पा १ : गुरुवारी रस्ता ठरवा

रस्ता ठरवायचा तो सगळ्यांत हळू माणसाच्या हिशोबाने. साधी सायकल सपाट रस्त्यावर ताशी १२ ते १४ किलोमीटर जाते. पाणी, चहा, फोटो आणि एखादी पडलेली चेन धरली, की ताशी १० उरतात. म्हणून आमचा हिशोब सोपा आहे. एकूण किलोमीटरला दहाने भागा, तेवढे तास लागणार. पहिला महिनाभर २५ ते ३० किलोमीटरच्या वर जाऊ नका. कोरेगावहून संगम माहुलीला कृष्णेच्या पुलापर्यंत जाऊन परत येणं, किंवा रहिमतपूरला जाऊन येणं, सुरुवातीला एवढं पुरे. साताऱ्याच्या बाजूने निघणाऱ्यांना लिंबची बारा मोटेची विहीर हा चांगला पल्ला आहे. विहीर बघायला थांबणं होतंच, त्यामुळे विश्रांती आपोआप मिळते.

कास पहिल्या राईडला नको. दर वर्षी सप्टेंबरात फुलांचे फोटो फिरायला लागले की कुणीतरी म्हणतंच, “चला की कासला, पंचवीसच किलोमीटर तर हाय!” ते पंचवीस साताऱ्यापासून. शहर सोडलं की लगेच यवतेश्वरचा घाट लागतो, अंग तापायच्या आधीच, आणि पठारापर्यंत एकूण सुमारे पाचशे मीटर चढायचं असतं. आमच्या गावाहून तर आधी साताराच गाठायचा. शिवाय हंगामात त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग असते. कासला जा, पण चार-पाच राईड झाल्यावर, आणि फुलांचा हंगाम सोडून.

मग वारा बघा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा. जाताना वारा तोंडावर घ्या, म्हणजे परतताना तो पाठीशी येतो. उलटं केलंत तर जाताना सगळे हवेत असतात आणि येताना दमलेल्या पायांनी वाऱ्याशी भांडत बसतात. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, हे तिकडचा बेत करताना आठवा.

हंगामाचं भान हवं. साधारण नोव्हेंबर ते मार्च ऊस वाहतूक असते, तेव्हा कारखान्याकडे जाणारे रस्ते टाळलेले बरे. सप्टेंबर-ऑक्टोबरात घेवडा निघतो आणि मळणीसाठी तो रस्त्यावरच पसरलेला असतो. आपला वाघ्या घेवडा ताटात कितीही गोड लागला, तरी त्याचे वेल चेनमध्ये आणि फ्रीव्हीलमध्ये (मागच्या चाकाच्या दातेरी चकतीत) अडकले की अर्धा तास जातो. पुणे-बंगळूर महामार्गावरून जायचंच नाही. ओलांडायचा असेल तर पुलाखालूनच, एखाद-दुसरा किलोमीटर वाढला तरी चालेल.

कालव्याकडेचे रस्ते मोहात पाडतात. सावली असते, गाड्या नसतात. पण बाभळी तिथेच असतात. मागच्या आठवड्यात तिकडून गेलेल्या कुणाला तरी विचारल्याशिवाय कालवा धरू नका.

*तपासा : ग्रुपवर चार गोष्टी लिहिल्या का? कुठे जायचं, एकूण किती किलोमीटर, किती वाजता निघायचं, किती वाजेपर्यंत घरी. चौथी गोष्ट लिहायला लोक हमखास विसरतात, आणि घरच्यांना हवी असते तीच.*

टप्पा २ : शनिवारी संध्याकाळी सायकल बघा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रविवारी पहाटे सायकल बाहेर काढून हवा मारणे. शनिवारी संध्याकाळी हवा मारली, तर चाकाची परीक्षा रात्रभर आपोआप होते. बारीक पंक्चर असेल तर सकाळी चाक मऊ लागतं आणि ते घरीच कळतं. पहाटे मारलेली हवा मात्र सातव्या किलोमीटरला उत्तर देते. दुसरं कारण, गावातलं सायकलचं दुकान शनिवारी संध्याकाळी उघडं असतं आणि रविवारी सकाळी सहाला नसतं.

क्रम असा ठेवा.

१. हवा. किती मारायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं, आकड्यापुढे ‘पीएसआय’ असतं. तिथली कमाल मर्यादा ओलांडू नका. अंगठ्याने दाबून ‘कडक हाय की’ म्हणणं फसवं असतं, जाड टायर कमी हवेतही कडक लागतो.

२. टायर. सायकल उलटी करून चाक हळू फिरवा. काटा, काच, बारीक खडी नखाने काढा. कडेला सूत दिसायला लागलं असेल तर तो टायर गावात फिरवायला ठेवा, राईडला नको.

३. चाक. फिरताना ते ब्रेकच्या रबराला एका बाजूने घासत असेल तर आऊट आलाय, म्हणजे चाक वाकडं फिरतंय. दुकानात आऊट काढून घ्या. आरे ढिले आहेत का ते हाताने दोन-दोन दाबून बघा, एखादा लगेच कळतो.

४. ब्रेक. मूठ दाबल्यावर दांडा हँडलला टेकत असेल तर तार ओढून घ्या. रबर रिमवरच बसतंय ना, टायरवर चढत नाही ना, हे खाली वाकून बघा. सळईचे ब्रेक असलेल्या जुन्या सायकलींचे नट खडखडून ढिले होतात, तेही आवळा.

५. चेन. आधी फडक्याने पुसा, मग तेल. प्रत्येक कडीला एक थेंब, आणि पाच मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून काढा. जळकं इंजिन ऑइल ओतू नका. त्याला आमच्याकडचा फुफाटा असा चिकटतो की दोन रविवारांत चेनची कानस होते.

६. कॉटर. जुन्या सायकलीला पायडल मारताना दर फेऱ्याला ‘खट्’ होत असेल तर कॉटर, म्हणजे पायडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी खीळ, ढिली झालीय. ती घेऊन चढ चढलात तर मधेच पाय रिकामा फिरेल. दोन मिनिटांचं काम आहे, पण हातोडी दुकानदाराच्या हातात असू द्या.

७. सीट. हे बहुतेक जण बघतच नाहीत. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तीच योग्य उंची. पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आपल्याकडे आहे. वीस किलोमीटरनंतर ‘गुडघं दुखतायत’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांची सीट खाली असते. एकदम वर नेऊ नका, दर राईडला बोटभर.

*सावध : नवी सीट, नवे बूट, नवा टायर यातलं काहीही लांबच्या राईडला पहिल्यांदा वापरू नका.*

टप्पा ३ : एकच पिशवी, पण पूर्ण

आठ जणांत आठ पंप नकोत, एक हवा. पण तो सगळ्यांच्या व्हॉल्व्हला बसणारा हवा, आणि घोळ इथेच होतो. ग्रुपमध्ये तीन प्रकारचे व्हॉल्व्ह असू शकतात. एक, आपल्या साध्या सायकलीचा, आत रबरी व्हॉल्व्हट्यूब असलेला. दोन, मोटारसायकलीसारखा जाडसर. तीन, काही महागड्या सायकलींचा बारीक, वरची घुंडी सैल करून हवा मारायचा. आमच्या दुसऱ्याच राईडला तिसऱ्या प्रकारचं चाक बसलं, म्हणजे पंक्चर झालं, आणि आमच्याकडे पहिल्या प्रकारचा पंप. दहा हजारांची सायकल दूधवाल्याच्या टेम्पोतून घरी आली. तेव्हापासून पिशवीत पंपाबरोबर दोन जोड-नळ्या कायम असतात. शनिवारीच पंप प्रत्येक प्रकारच्या चाकाला लावून बघा, नुसता पिशवीत टाकू नका.

बाकी सामान : ग्रुपमध्ये जेवढ्या मापांची चाकं तेवढ्या नव्या ट्यूब, पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपर, टायर काढायच्या दोन पट्ट्या, मागच्या चाकाच्या नटाला बसणारा पाना, ॲलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) जुडगा, व्हॉल्व्हट्यूबचा वीतभर तुकडा, चिकटपट्टी, फडकं, आणि जुन्या टायरचा चार बोटं लांब तुकडा. शेवटच्या वस्तूला लोक हसतात. टायर चिरला तर आतून तो तुकडा लावून घरापर्यंत येता येतं. मलमपट्टीचं सामान वेगळ्या डबीत.

*तपासा : सोल्युशनची ट्यूब दाबून बघा. एकदा उघडलेली ट्यूब काही महिन्यांत आतल्या आत सुकते, आणि ते कळतं नेमकं माळावर.*

टप्पा ४ : पाणी आणि पोट

थंडीत तासाला अर्धा लिटर, एप्रिल-मेमध्ये पाऊण लिटर किंवा जास्त. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. उन्हाळ्यात एक बाटली मीठ-साखरेची असू द्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवायचं नाही.

निघण्याआधी अर्धा तास एखादं केळं किंवा अर्धी भाकरी दुधात कुस्करून. वाटेत खिशात गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. मिसळ, वडापाव, भजी हे सगळं शेवटच्या थांब्यावर, तेही पुढे चढ नसेल तर. मिसळीशी माझं वैर नाही, पण तर्री पोटात आणि घाट पुढ्यात हे जमत नाही. सहा राईडमध्ये तीनदा अनुभव घेऊन झालाय.

टप्पा ५ : निघताना

जानेवारीत आपल्याकडे उजाडायला सात वाजतात, मेअखेरीस सहा. उजाडता उजाडता निघा. अंधारात निघायचंच असेल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा नसलेल्याला रस्त्यावर घेऊ नका. मडगार्डवरचा लाल काचेचा तुकडा चिखलाने माखलेला असेल तर तो नसल्यात जमा.

ठरलेल्या वेळेनंतर फक्त दहा मिनिटं थांबा. “आलोच, चौकात हाय,” म्हणणारा बहुतेक वेळा अजून चहा पीत असतो. पंचवीस मिनिटं थांबलात, तर जे वेळेवर आले त्यांना पुढच्या वेळी उशिरा यायला तुम्हीच शिकवलंत.

मग जागा वाटून घ्या. पुढे एक, ज्याला रस्ता माहीत आहे आणि जो संथ चालवतो. मागे एक, आम्ही त्याला ‘शेपूट’ म्हणतो. शेपटाच्या मागे कुणीही राहायचं नाही, मग ते लघवीला थांबलेले काका असोत की फोटो काढणारा पोरगा. पुष्कळ ग्रुप सगळ्यांत तगड्या गड्याला पुढे घालतात. तो मान खाली घालून सुटतो आणि पाच किलोमीटरवर मागे बघतो तर कुणी नाही. तगडा गडी शेपूट हवा. पिशवीही त्याच्याकडेच द्या, कारण ज्याचं चाक बसतं तो मागेच पडतो, आणि पिशवी पुढे गेलेली असेल तर तिचा उपयोग शून्य.

पहिला थांबा पाच किलोमीटरवर घ्या, पाण्यासाठी नाही. कुणाची सीट सरकली, कुणाची चेन वाजतेय, कुणाचा चेहरा पडलाय, हे तिथे कळतं. इथून कुणाला परत फिरायचं असेल तर चेष्टा न करता फिरू द्या, बरोबर एक जण द्या.

*तपासा : माणसं मोजली का? प्रत्येक थांब्यावरून निघताना मोजायची. आमच्याकडे आकडा शेपूट ओरडतो.*

टप्पा ६ : रस्त्यावर

एकामागे एक. दोघं शेजारी चालवत गप्पा मारणं सुखाचं असतं, पण ते गावरस्त्यावर, आणि मागून आवाज आला की लगेच रांगेत. दोन सायकलींत निदान एका सायकलीएवढं अंतर ठेवा, उतारावर तिप्पट. पुढचा जे बघतो ते मागे ओरडून द्यायचं : “खड्डा!”, “खडी!”, “थांबतोय!” मागचा सांगतो : “मागनं गाडी!” न सांगता ब्रेक मारणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, दंड म्हणजे सगळ्यांचा चहा.

उसाच्या ट्रॅक्टरचं वेगळं सांगतो. मागे दोन ट्रॉल्या असतात, मोठ्याने गाणी चालू असतात, त्यामुळे चालकाला तुमची घंटा ऐकू येत नाही. मागची ट्रॉली वळणावर आणि खड्ड्यात डुलते, आणि बाहेर आलेली उसाची टोकं तुमच्या खांद्याच्या उंचीला असतात. तो ओलांडून जात असेल तर सरळ रस्त्याखाली उतरून उभे राहा. तुम्हाला त्याला ओलांडायचं असेल तर ओलांडू नका. थांबा, रस पिऊन घ्या, तो जाईल पुढे.

कुत्री मागे लागली तर पळवायचा मोह होतो. पळणाऱ्या चाकामागे ती आणखी पळतात. वेग कमी करा, उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, चालत पुढे जा. मेंढरांचा कळप असेल तर लांबच थांबून मेंढपाळदादांना हाक मारा. त्यांची कुत्री राखणीला असतात, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पट्टे न मारलेले गतिरोधक शाळा आणि देवळांपाशी असतातच. गाव आलं की वेग आधीच कमी.

टप्पा ७ : पंक्चर

पंक्चर काढणं सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं. तरी त्याच चाकाचं दुसरं पंक्चर एका किलोमीटरवर होतं, कारण मधली एखादी पायरी गाळलेली असते.

१. सगळा ग्रुप रस्त्याखाली घ्या. दोघं काम करतील, बाकीच्यांनी सल्ले देऊ नयेत.

२. चाक काढायच्या आधी टायर फिरवून काटा शोधा. सापडला तर जागेवर खूण करा. भोकाची जागा कळली असेल तर चाक काढायची गरजच नाही. तेवढ्या भागातला टायर सोडवून ट्यूब बाहेर ओढा. चेनकव्हर असलेल्या सायकलीचं मागचं चाक काढणं ही शिक्षा आहे, ती टाळा.

३. उरलेली हवा सोडा. टायर व्हॉल्व्हपासून लांबच्या बाजूने सोडवायला घ्या. पट्टीऐवजी स्क्रूड्रायव्हर घातलात तर एकाची दोन पंक्चर होतील.

४. ट्यूबमध्ये हवा मारून ती गालाजवळून फिरवा. बारीक भोक कानाला कळत नाही, पण गालाला गार लागतं. तरी नाही सापडलं तर बाटलीतलं पाणी.

५. एक भोक सापडलं तरी थांबू नका. बाभळीचा लांब काटा आरपार जातो आणि रिमच्या बाजूला दुसरं भोक असतं.

६. ट्यूब कोरडी करा, पॉलिश पेपरने पॅचपेक्षा मोठी जागा घासा, सोल्युशनचा पातळ थर लावा. आणि आता थांबा. तीन ते पाच मिनिटं, बोटाला चिकटपणा नाममात्र लागेपर्यंत. ओल्या सोल्युशनवर पॅच ठेवणं ही महाराष्ट्रातली सगळ्यांत लोकप्रिय चूक असावी. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ बसते.

७. पॅच मधून कडेकडे दाबत बसवा.

८. टायरच्या आतून फडकं फिरवा, पूर्ण गोल. काटा असेल तिथे फडकं अडकतं. बोट फिरवू नका, फाटतं. हीच पायरी गाळली जाते, काटा आतच राहतो आणि पुढच्या ओढ्यापाशी पुन्हा सगळे खाली उतरतात.

९. ट्यूबमध्ये थोडी हवा घालून, तिला आकार आल्यावर आत बसवा. व्हॉल्व्ह सरळ ठेवा. टायरचा शेवटचा भाग अंगठ्याने ढकला, पट्टीने नको.

१०. अर्धी हवा मारून टायर दोन्ही कडांनी सारखा बसलाय का, ट्यूब कुठे चिमटलीय का ते बघा. मग पूर्ण हवा.

घाई असेल, ऊन चढलं असेल तर सरळ नवी ट्यूब घाला आणि जुनीचं पंक्चर घरी काढा. पण आठवी पायरी तेव्हाही सोडू नका.

*तपासा : चाक काढलं असेल तर नट आवळले का, ब्रेक परत जोडला का? चाक उचलून फिरवा, ब्रेक दाबा, मगच बसा.*

टप्पा ८ : घाट असेल तर

चढताना हलक्या गिअरवर आणि आपापल्या वेगाने. उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. वर सगळे जमल्याशिवाय कुणीही उताराला लागायचं नाही.

उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम तापते, रबर घसरायला लागतं. दाबा, सोडा, दाबा, सोडा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको. पुढचा ब्रेक एकटा जोरात दाबाल तर हँडलवरून जाल.

पावसात साध्या सायकलीच्या लोखंडी रिमवर ब्रेक जवळजवळ धरतच नाही. आधी हलका दाबून रिमवरचं पाणी पुसलं जाऊ द्यावं लागतं, मग तो लागतो. म्हणून पावसात लोखंडी रिमवाल्यांनी घाट चालत उतरायचा. यात आम्ही कुणाचंच ऐकत नाही, वयाने मोठे असले तरी.

*सावध : कुणी पडलं तर आधी रस्त्यावरची वाहनं थांबवा, मग माणसाकडे जा. डोक्याला मार असेल तर पाणी पाजून उठवून बसवू नका. रुग्णवाहिकेला १०८, इतर मदतीला ११२.*

टप्पा ९ : परत आल्यावर

शेवटचे तीन-चार किलोमीटर मुद्दाम हळू. याच टप्प्यात पोरं शर्यत लावतात आणि याच टप्प्यात पडतात, घर दिसायला लागलेलं असतं म्हणून.

प्रत्येकाने घरी पोचल्यावर ग्रुपवर ‘पोचलो’ टाकायचं. शेपटाने आकडा जुळवायचा, न जुळल्यास फोन.

सायकलवर पाण्याचा पाइप मारू नका, छऱ्यांत पाणी जातं. ओल्या फडक्याने पुसा, चेन कोरडी करून तेल. चिखलातून आला असाल तर काळी माती वाळायच्या आत मडगार्डखालून काढा, नंतर ती खिळ्याने उकरावी लागते.

पिशवी रविवारीच भरून ठेवा. वापरलेली ट्यूब, संपलेला पॅच, जे गेलं ते लिहून ज्याचं चाक बसलं होतं त्याने आणायचं. आमच्याकडे पिशवी दर आठवड्याला दुसऱ्याच्या घरी जाते, आणि ती ज्याच्या घरी आहे त्यानेच गुरुवारी रस्ता सुचवायचा असतो.